रोखीचा भाव, उधारीचा भाव

आमच्याकडं लातूरला बाह्यवळण रस्त्यावर सवलतीचं मोठं मार्ट सुरू झालं आणि महिन्याभरात चौकात फलक लागला: ‘आपला पैसा आपल्या गावात, आपल्या माणसाच्या दुकानात.’ तेव्हापासून चार बायका जमल्या की हा विषय निघतोच. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला तर वाण लुटायचं बाजूला राहिलं आणि वाद पेटला. एकीचं म्हणणं, मार्टात जाणारे लोक गावातल्याच माणसाच्या पोटावर पाय देतात. दुसरीचं म्हणणं, किराणावाल्यांनी इतकी वर्षं लुटलं, आता भोगू द्या. दोघीही मनापासून बोलत होत्या आणि दोघींच्याही घरी महिन्याचा मेळ ओढाताणीनंच बसतो. पण तासभर चाललेल्या त्या भांडणात एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. माल घेतल्यावर पैसे द्यायचे कधी? माझ्या मते सगळं घोडं तिथंच अडलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ज्या घरात एक तारखेला पगार येतो, त्या घरानं मार्टातून किराणा भरला तर त्यात कसलाही अपराध नाही. वाचलेले पैसे पोराबाळांच्या शिक्षणाला, म्हाताऱ्यांच्या औषधाला लागतात आणि ते वाचवणं हे घर चालवणाराचं कर्तव्यच आहे. मात्र मार्टातली स्वस्ताई ही रोखीचा वटाव आहे, म्हणजे जागेवर पैसे दिल्याबद्दलची सूट. ज्यांच्या हातात वर्षातून एकदा नाहीतर दोनदा पैसा येतो, त्या मराठवाड्यातल्या लाखो घरांना तो वटाव मिळतच नाही. त्यांना तो कसा मिळेल, हा प्रश्न सोडून आपण किराणा विरुद्ध मार्ट अशी कुस्ती लावून बसलोय, आणि या कुस्तीत कुणीही जिंकलं तरी त्या घरांच्या ताटात काही पडत नाही.

मी शाळेत गणित शिकवते. ऐकीव हिशोबावर माझं मन बसत नाही. मुलाची अकरावीची फी भरायची होती म्हणून आम्ही गेल्या वर्षी ठरवलं की किराणा मार्टातून आणून बघायचा आणि दोन्हीकडचे भाव वहीत उतरवायचे. पहिल्या महिन्यात रविवारी संध्याकाळी पोरांना घेऊन गेलो. बिल झालं ६,९४० रुपये. यादीतल्या सामानाचे त्यातले जेमतेम साडेचार हजार. बाकीच्यात प्लास्टिकचे डबे, बिस्किटांचे मोठे पुडे, एक चादर आणि एकावर एक फुकट म्हणून उचललेला टूथपेस्टचा जोड. दुकानदारांच्या बाजूचे लोक म्हणतात की मार्टात माणूस गरज नसलेलं घेऊन येतो. ते खरं आहे, माझ्या घरात घडलंय. ढकलगाडीच एवढी मोठी असते की महिन्याचं सामान तिच्या तळाशी चिमूटभर वाटतं. पण हा दोष यादीनं आवरतो. पुढच्या महिन्यात मी एकटी, कामाच्या दिवशी सकाळी, जेवून आणि यादी घेऊन गेले. त्याच यादीचे मार्टात ४,३६० रुपये झाले. गल्लीतल्या किराणा दुकानवाल्या काकांकडं तीच यादी ४,७१० ला पडत होती. फरक साडेतीनशे रुपयांचा, म्हणजे शेकडा आठ. वर्षाचे ४,२०० रुपये. आमच्यासारख्या घरात ही रक्कम लहान नाही.

हा फरक सगळ्या सामानावर सारखा पडत नाही. तेल, साखर, चहापत्ती, अंगाचा नि कपड्याचा साबण, भांड्याची पावडर यांत मार्ट स्वस्त पडलं. तुरीच्या डाळीत पडलं नाही. पडणार कसं? लातूर म्हणजे तुरीची बाजारपेठ नि डाळमिलचं गाव. मिलच्या बाहेरच्या दुकानात सुटी डाळ मिळते, हातात घेऊन बघता येते, दातानं फोडून बघता येते. शिवाय १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्य-डाळी-पिठावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या मालावर तो नाही. ज्वारी आमच्या औश्याकडच्या शेतातून येते, हळद वसमतची मागवते, गूळ बाजारातून. म्हणजे जे आपल्या मातीत पिकतं त्यात मार्टाला आपल्यावर मात करता आलेली नाही, आणि जे कारखान्यातून येतं त्यात गल्लीतल्या दुकानाला मार्टावर मात करता येत नाही. ‘आपला पैसा आपल्या गावात’ हा मुद्दा मी इथंच तपासते. काकांच्या दुकानातला साबण काही लातुरात बनत नाही. त्या साबणाच्या किमतीतला मोठा वाटा मी कुठूनही घेतला तरी गावाबाहेरच जातो. गावात राहतो तो दुकानदाराचा नफा आणि त्याच्या पोऱ्याचा पगार. तो खरा आहे, त्याचं मोल आहे. पण गावात पैसा ठेवायचाच असेल तर डाळ, ज्वारी, हळद, गूळ, शेंगदाणे इथं विकत घेतल्यानं तो कितीतरी जास्त राहतो. फलक लावणाऱ्यांपैकी कितीजणांच्या दुकानात औश्याची ज्वारी असते?

मार्ट स्वस्त का देऊ शकतं, हेही नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर एकजण त्याला जादू म्हणतो आणि दुसरा कारस्थान. आपल्याकडं या धंद्याचं सगळ्यांत माहितीतलं उदाहरण डी-मार्ट. २००२ साली मुंबईत पवईला त्यांचं पहिलं दुकान उघडलं. त्यांची रीत उघड आहे आणि त्यावर भरपूर लिहिलंही गेलंय: जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणजे भाड्याचा बोजा नाही, प्रकार थोडे पण खप प्रचंड, आणि माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करून त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा. शेवटची गोष्ट महत्त्वाची. आडतीवर माल घालणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला ती सांगावी लागत नाही. पट्टी, म्हणजे विकल्या मालाचे पैसे, आजच हातात हवी असेल तर भाव एक, पंधरा दिवसांनी चालत असेल तर भाव दुसरा. रोख पैशाला बाजारात स्वतःची किंमत असते. मार्ट पुरवठादाराला लवकर पैसे देतं आणि गिऱ्हाइकाकडून जागेवर पैसे घेतं. दोन्हीकडं उधारी नाही, म्हणून भाव कमी.

मग गल्लीतलं दुकान महाग का? त्याच्या भावात उधारी मिसळलेली असते म्हणून. हे मला वहीतल्या आकड्यांवरून दिसलं आणि दिसल्यावर मी थक्क झाले. शंभर रुपयांचा माल काका १०८ ला देतात असं धरा. मी एक तारखेला सामान नेते आणि पुढच्या एक तारखेला पैसे देते. म्हणजे शंभर रुपये महिनाभर वापरल्याचे मी आठ रुपये मोजते. शेकडा आठ दरमहा! आमच्याकडं खेड्यात सावकार शेकडा तीननं, फार तर पाचनं देतो आणि त्यावर आपण त्याला रक्तपिपासू म्हणतो. आता कोरडवाहू शेतकऱ्याचं बघा. तो जूनमध्ये पेरणीच्या वेळी सामान नेतो आणि सोयाबीन विकून दिवाळीच्या आसपास फेडतो. पाच महिने. तेच आठ रुपये त्याला महिन्याला दीड रुपयाच्या जरासे वर पडतात. सावकाराच्या निम्म्यानं. एकच दुकान, एकच भाव, पण माझ्यासाठी ते कर्ज आगीसारखं महाग आणि त्याच्यासाठी गावातलं सगळ्यांत स्वस्त. काही दुकानदार लांबलेल्या बाकीवर वेगळं व्याज लावतात. आमच्या काकांनी कधी लावलेलं नाही.

हे गणित मी काकांपुढंच मांडलं. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. त्यांनी गल्ल्याखालून लाल कापडी बांधणीची वही काढली. पहिल्या पानावर दिवाळीच्या पूजेचं कुंकू अजून चिकटलेलं. पुढं पानापानावर नावं, नावाखाली मागील बाकी आणि त्याखाली बारीक अक्षरात साखर २, तेल १, चहा पाव, काड्यापेटी. काही पानांवर जमा ही बाजू जूनपासून कोरी. काका म्हणाले, “वैनी, तुम्ही रोख देणार असाल तर साखर मार्टाच्या भावात देतो. तेल नाही जमायचं, मलाच त्या भावात मिळंना. पण एक सांगतो. तुम्हा नोकरदारांचे पैसे पहिल्या आठवड्यात येतात, त्याच्यावर मी माल भरतो. तुम्ही सगळे गेलाव, तर ह्यांला कुठून देऊ?” आणि त्यांनी त्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं.

मार्टाच्या विरोधातला सगळ्यांत बळकट मुद्दा हाच आहे, आणि चौकातल्या फलकावर तो नाही. वेळेवर पैसे देणारं गिऱ्हाईक मार्टाकडं गेलं की दुकानाकडं फक्त उधारीचं गिऱ्हाईक उरतं. मग दुकानदाराला एकतर भाव वाढवावा लागेल किंवा उधारी बंद करावी लागेल. दोन्हीचा फटका सोयाबीनच्या भरवशावर असलेल्या, हातावर पोट असलेल्या माणसाला. संध्याकाळी काकांच्या दुकानात मिस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या बाया येतात. दहा रुपयांचं तेल, पाच रुपयांची चहापत्ती, पुडीत बांधलेली चटणी. मार्टात त्यांना दहा रुपयांचं तेल कोण देणार? तिथं लिटरची पिशवी आहे, आणि त्या दिवशीच्या मजुरीतून लिटरभर तेल घेतलं तर पीठ घ्यायचं राहतं. २०२० च्या टाळेबंदीत याच काकांनी शटर अर्धं वर करून आख्ख्या गल्लीला सामान दिलं, कितीजणांचं उधारीवर. आमच्या सासूबाई तर बहात्तरच्या दुष्काळाची आठवण काढल्याशिवाय या वादात पडत नाहीत. गावच्या दुकानदारानं तेव्हा धान्य बंद केलं असतं तर घरातली दोन माणसं गेली असती, असं त्या सांगतात. त्यांच्या शब्दावर मी शंका घेणार नाही.

पण सासूबाई आठवण पूर्ण सांगतात. ती बाकी फेडायला त्यांच्या घराला तीन सुगी लागल्या, आणि तोवर दुसऱ्या कुणाकडून मीठही घेता येत नव्हतं. भाव विचारायचा नाही, माप बघायचं नाही. ज्याच्याकडं बाकी आहे त्याच्याशी घासाघीस कशी करणार? उधारीनं जीव वाचवला आणि उधारीनंच तोंड बंद केलं. या दोन गोष्टी एकाच वहीत असतात आणि दुकानाच्या प्रेमापोटी त्यातली एकच वाचली तर ते प्रेम अर्धवट आहे.

दीडशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या मुलखात हेच झालं. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावच्या शेतकऱ्यांनी सावकारांवर बहिष्कार घातला, त्यात त्यांच्या दुकानातून माल न घेणं हेही होतं. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुपे गावी बाजाराच्या दिवशी उठाव झाला आणि तो पुणे-नगर जिल्ह्यांत पसरला. लोकांचा रोख होता तो वह्यांवर आणि कर्जखतांवर. ते कागद बाहेर ओढून जाळले गेले. अन्न देणारा हात आणि कर्ज देणारा हात एकच झाला की काय होतं, याचं हे उदाहरण. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, तो कायदा आपल्याकडं आला नाही. मी आजच्या गल्लीतल्या दुकानदाराला त्या काळच्या सावकाराच्या रांगेत बसवत नाही. काका तसे नाहीत, आणि आज बहुतेक छोटे दुकानदार स्वतःच घाऊकवाल्याच्या उधारीत असतात. पण त्यांच्या चांगुलपणावर गरिबाची सगळी पत उभी राहावी, ही व्यवस्था त्यांच्याही अंगावर येते. सोयाबीनचा भाव पडला की शेतकऱ्याआधी काकांची झोप उडते.

दुसरं उदाहरण दूरचं आहे, पण मला ते फार जवळचं वाटतं. इंग्लंडमध्ये रॉचडेल नावाच्या गिरणगावात १८४४ च्या डिसेंबरात २८ विणकर-कारागिरांनी पैपै जमवून स्वतःचं दुकान काढलं. पीठ, लोणी, साखर, ओटचं भरड आणि थोड्या मेणबत्त्या, एवढाच माल. जगभरातल्या ग्राहक सहकाराची सुरुवात लोक तिथून मोजतात. त्या दुकानाचा एक नियम होता: उधार मिळणार नाही. किती कठोर वाटतो! उपाशी विणकरांनी स्वतःच्याच बांधवांना उधार नाकारलं. पण उधारीपायी माणूस एका दुकानाला बांधला जातो, भेसळीचं पीठ मुकाट्यानं घेतो, हे त्यांनी भोगलेलं होतं. त्यांनी उधारीची सोय करण्यापेक्षा गरिबाला रोखीचा भाव मिळवून दिला, आणि झालेला नफा ज्यानं जितकी खरेदी केली त्या प्रमाणात वाटून दिला. आपल्याकडंही ही वाट चोखाळलेली आहे. मुंबईत नायगावला १९४८ साली कामगारांच्या वस्तीत अपना बाजार उभा राहिला. मुंबई ग्राहक पंचायतीनं १९७५ पासून शेजारपाजारच्या कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र मागवायची पद्धत बसवली. वारणानगरला वारणा बाजार आहे. मार्ट आज जे करतं, एकगठ्ठा खरेदी आणि जागेवर पैसे, ते गिऱ्हाईक स्वतः एकत्र येऊन करू शकतं हे या लोकांनी दाखवलंय. मराठवाड्यात हे का रुजलं नाही, हा मला खरा लाज वाटायला लावणारा प्रश्न वाटतो. सहकार म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, नाहीतर ठेवी अडकवून बसलेली पतसंस्था. गेल्या काही वर्षांत मल्टिस्टेटांच्या, म्हणजे अनेक राज्यांत पसरलेल्या पतसंस्थांच्या दारात रांगा लावून बसलेले म्हातारे पाहिल्यावर ‘चला, एकत्र पैसे टाकू’ म्हणायला कुणाची जीभ उचलेल? ही भीती अगदी रास्त आहे. पण महिन्याच्या सामानापुरते पैसे टाकायचे आणि आठवड्यात डाळ घरी न्यायची, यात कुणाकडं ठेव ठेवायची नसते. पैसा अडकायला जागाच राहत नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये केंद्रानं बहुब्रँड किरकोळ व्यापारात ५१ टक्के परकी गुंतवणुकीला परवानगी दिली, तेव्हाही हाच वाद झाला होता. एक बाजू म्हणाली, किराणा दुकानं बुडतील. दुसरी म्हणाली, शेतकऱ्याला चांगला भाव मिळेल. व्यापाऱ्यांनी बंद पाळला. त्यानंतर आपल्या जिल्ह्याच्या गावांत जी मार्टं आली ती बहुतेक देशीच आली, आणि शेतकऱ्याच्या भावाचं काय झालं ते सोयाबीन विकणाऱ्याला विचारा. त्या सगळ्या चर्चेत उधारीवर जगणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. आजही तेच चाललंय.

कुणी म्हणेल, गरिबासाठी रेशन आहे की. आहे, आणि ते फार मोलाचं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य मिळतं, आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. पण घर फक्त गहू-तांदळावर चालत नाही. तेल, डाळ, साखर, साबण हा खर्च उरतोच आणि वहीत तोच साचतो. सरकारला हे कळत नाही असंही नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल दिलं गेलं. राज्य सरकार एकगठ्ठा खरेदी करून रेशनच्या दुकानातून हे चार जिन्नस देऊ शकतं, हे त्यातून सिद्ध झालं. मग ते सणापुरतंच का? पेरणीच्या जूनमध्ये का नाही, जेव्हा वहीतली पानं सगळ्यांत वेगानं भरतात?

याहून मला खटकणारी गोष्ट केशरी कार्डाची आहे. मराठवाड्याचे आठही जिल्हे धरून राज्यातल्या १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना २०१५ पासून माणशी ५ किलो धान्य मिळायचं, गहू २ रुपयांनी नि तांदूळ ३ रुपयांनी. २०२३ मध्ये ते धान्य बंद करून त्याऐवजी माणशी दरमहा १५० रुपये खात्यात देण्याचं ठरलं. कागदावर हे मार्टाच्या तर्कासारखंच दिसतं: हातात रोख द्या, माणूस हवा तिथून स्वस्त घेईल. पण निलंग्याच्या एखाद्या खेड्यातल्या बाईनं ते पैसे काढायला बँकेत जायचं, मार्टासाठी जिल्ह्याच्या गावी यायचं, दोन्हीकडचं भाडं घालायचं आणि मग स्वस्त घ्यायचं? ती गावातल्याच दुकानात जाणार. आणि तिची तिथं आधीच बाकी असेल, तर ते पैसे धान्य न होता बाकीत जमा होणार. धान्याचा भाव चढला तर धान्य देणाऱ्या सरकारचा खर्च वाढतो. ठरलेली रोकड दिली की तो वाढीव भार त्या बाईवर येतो. रोख हातात आली म्हणजे रोखीचा भाव मिळतो असं नाही. त्यासाठी रोख वेळेवर, पुरेशी आणि आधीच्या बाकीतून मोकळी असावी लागते.

म्हणून मला नोकरदारांना सांगायचंय की मार्टात जा, मान खाली घालायची गरज नाही. पण यादी घेऊन जा आणि पाकिटाची पाठ वाचा. तेलाची १ लिटरची पिशवी साधारण ९१० ग्रॅमची असते. शेजारच्या स्वस्त पिशवीत कधीकधी वजनच कमी असतं, आणि एका नजरेत ते कळत नाही. डाळ-ज्वारी-हळद इथल्याच माणसाकडून घ्या. आणि काकांकडून जे घ्याल ते रोखीनं घ्या, रोखीचा भाव मागून घ्या. टाळेबंदीतल्या उपकाराची परतफेड म्हणून मी दरमहा शेकडा आठचं व्याज भरत राहावं, असं काकांनाही वाटत नाही. त्यांना हवंय ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यातलं भांडवल. साखर आणि शेंगदाणे मी आता त्यांच्याकडूनच नेते, पैसे जागेवर देऊन.

दुकानदारांपुढंही एक गोष्ट मांडावी वाटते, ती मी काकांना बोललेही. रोखीचा आणि उधारीचा भाव वेगळा करा, पाटीवर उघड लिहा. काका लगेच नाही म्हणाले. “उधारीवाल्याला चारचौघांत कमीपणा वाटंल, वैनी. तो माझ्याकडं यायचा बंद होईल आणि माझी बाकी बुडंल.” यावर माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं आणि आजही पुरतं नाही. लाजेची किंमत गणितात धरता येत नाही. तरीही मला वाटतं, उधारीची किंमत झाकून ठेवल्यानं ती किंमत देणाराचा मान राहत नाही, फक्त त्याला हिशोब कळत नाही.

आमच्या औश्याकडच्या गावी जाऊबाईंचा बचतगट आहे, अकरा बायकांचा. दिवाळीनंतर त्यांना हे सगळं गणित मी फळ्यावर काढावं तसं पाटीवर काढून दाखवलं. त्यांनी महिन्याच्या बचतीतून तुरीच्या डाळीचा ३० किलोचा कट्टा लातुरातल्या मिलमधून आणवला. २५ किलोच्या वरच्या पोत्यावर तो जीएसटीही लागत नाही, हे त्यांना फार आवडलं. ओसरीवर चादर अंथरून डाळ ओतली. ताजी, तेलाचा हात न लावलेली, पिवळीधमक. काटा गावातल्या दुकानदारानंच दिला. अकरापैकी चार घरांची त्याच्याकडं सोयाबीनची बाकी होती आणि त्याला ते माहीत होतं. त्या चौघींनी आपापल्या वाट्याचे पैसे गटात भरून डाळ नेली, वहीत काही लिहिलं गेलं नाही. तेलाचं अजून जमलेलं नाही. १५ किलोच्या डब्याला एकदम लागतील एवढे पैसे या महिन्यात गटाच्या खात्यात नव्हते, एकीच्या पोरीचं बाळंतपण निघालं होतं.